ॲनापोलिस ते वाय नदी: जुनी कॅटलिना ३० घरच्या माणसांसह

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मराठी मित्र शिडाची बोट घ्यायचं म्हणतात, तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा असतो. माझं म्हणणं असं की, आधी ज्यांना घेऊन फिरायचं त्यांच्यासकट त्या जातीच्या बोटीवर एक रात्र काढा, मग भाव विचारा. धक्क्याला बांधलेली असताना कुठलीही बोट चांगलीच वाटते.

आमची कॅटलिना ३०, म्हणजे साधारण तीस फुटी शिडाची बोट, जुनी आहे. सप्टेंबरअखेरीस ती घेऊन आम्ही चेसापीक उपसागरात ॲनापोलिसहून वाय नदीत आणि तिथून सेंट मायकल्सला जाऊन आलो. बरोबर दोन मुलं आणि रत्नागिरीहून आलेली आई. मुद्दाम हाच हंगाम निवडला. जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडलेला असतो, दुपारनंतर गडगडाटी वादळं येतात आणि पाण्यात डंख मारणारे जेलीफिश असतात. मुलांना पोहायचं असेल तर जून बरा, शिडांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर.

ॲनापोलिसच्या बॅक क्रीकमधून निघालात की उजवीकडे थॉमस पॉइंटचं दीपगृह दिसतं. १८७५ सालचं, लोखंडी खांबांवर उभं असलेलं षट्कोनी घर. आईला तर कुणी समुद्रातच घर बांधून ठेवल्यासारखं वाटलं. पुढे बाल्टिमोरला जाणाऱ्या मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडायचा. ती लांबून संथ वाटतात, पण बघता बघता अंगावर येतात. त्यांच्या मागूनच जा. मग केंट बेटाच्या दक्षिण टोकाजवळचा ब्लडी पॉइंटचा कललेला मनोरा भरपूर अंतर ठेवून वळायचा आणि ईस्टर्न बेमध्ये शिरायचं. वाय नदीच्या मुखाजवळच्या शॉ बेपर्यंत, म्हणजे आमच्या मुक्कामापर्यंत, सगळं मिळून वीसेक सागरी मैल, म्हणजे चार-पाच तास.

उघड्या पाण्यात दक्षिणेचा वारा पंधरा नॉटच्या (तासाला पंधरा सागरी मैलांच्या) वर गेला आणि बोटीची खरी परीक्षा सुरू झाली. या उपसागराची सरासरी खोली जेमतेम २१ फूट, त्यामुळे लाटा उंच नसल्या तरी आखूड आणि खड्या उठतात. कॅटलिना ३० पावणेअकरा फुटांहून थोडी जास्तच रुंद आहे. आत ऐसपैस वाटते ती त्यामुळेच, पण मोठं शीड पूर्ण ठेवलं तर लवकर कलते आणि सुकाणू जड होतं. आम्ही लगेच शीड कमी केलं. वेग फारसा घटला नाही आणि धाकट्याचा रडवेला चेहरा निवळला. घरच्यांना घेऊन जाणार असाल तर रीफ घ्यायच्या, म्हणजे शीड कमी करायच्या, दोऱ्या कॉकपिटमधूनच (सुकाणूजवळच्या बसायच्या जागेतूनच) ओढता येतात का, हे विकत घेण्याआधी स्वतः ओढून बघा.

पाण्यावर खेकड्यांच्या सापळ्यांचे तरंगते गोळे सगळीकडे असतात. त्यांची दोरी पंख्यात अडकली की दिवस वाया जातो. इंजिन चालू असताना एक माणूस पुढे बसवाच. २१ फुटांहून लहान बोटीवर तेरा वर्षांखालच्या मुलांनी बोट चालू असताना डेकवर लाइफ जॅकेट घालणं इथे कायद्याने सक्तीचं आहे, आणि १ जुलै १९७२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मेरीलँडमध्ये मोटर असलेली बोट चालवायला प्रमाणपत्र लागतं.

शॉ बेमध्ये तळाला चिखल आहे, नांगर छान धरतो. हिशोब असा: पाणी दहा फूट, त्यात पाण्यापासून डेकची उंची चार फूट मिळवा, सातने गुणा, म्हणजे साधारण शंभर फूट साखळी-दोर सोडायचा. मग इंजिन मागे घेऊन नांगर नीट रोवायचा.

रात्री छोट्या कुकरमध्ये मुगाची खिचडी केली. बोटीवर कुकरइतकं सोयीचं भांडं नाही: गॅस कमी लागतो, आणि झाकण लावलेलं असल्यामुळे बोट हलली तरी सांडत नाही. आत सव्वासहा फूट उंची आहे, त्यामुळे मोठ्यांना वाकून वावरावं लागत नाही. आईला त्रास झाला तो चढ-उतार करताना. केबिनचा जिना खडा आहे आणि छोट्या होडीतून वर येताना तिच्या गुडघ्यांची कसोटी लागली. ज्येष्ठ माणसं येणार असतील तर याच बोटीचं नव्वदच्या दशकातलं मार्क ३ मॉडेल बघा. त्यात पाठीमागून चढायला वाट आहे. ही एक सोय मी नव्या शिडांपेक्षाही वर धरेन.

संडासाचं प्रक्रिया न केलेलं पाणी उपसागरात सोडता येत नाही. साठवणटाकी, नळ्या आणि वास बोट पाहायला जाल तेव्हाच तपासा. सेंट मायकल्सला टाकी रिकामी केली, वाफवलेले खेकडे खाल्ले. ओल्ड बे मसाल्याची चव आईला बेताचीच वाटली, पण सागरी संग्रहालयाच्या आवारात आणून ठेवलेल्या हूपर स्ट्रेट दीपगृहात ती मुलांच्या बरोबरीने वरपर्यंत चढली.

आता खरेदीचं. कॅटलिना ३० सहा हजारांहून जास्त बनल्या, त्यामुळे सुटे भाग आणि माहितगार माणसं दोन्ही मिळतात. बोट पाण्याबाहेर काढून किल (बोटीखालचं जड पातं) जिथे पोटाला मिळते तिथे पुढच्या बाजूला चीर आहे का पाहा. जुन्या बोटींत त्या जागी आत लाकूड असायचं. ते कुजलं की दुरुस्ती महागात पडते. साधी किल पाण्याखाली ५ फूट ३ इंच जाते, पंखवाली ३ फूट १० इंच. उथळ खाड्यांना दुसरी सोयीची, मात्र ती चिखलात रुतली की बोट कलती करून सुटत नाही. युनिव्हर्सल एम-२५ इंजिन असेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) धरून ठेवणारा जुना ब्रॅकेट बदलला आहे का, हे विचाराच. डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या याची पावती मागा. पावती नसेल तर बदलण्याचा खर्च भावातून वजा करा. बोट तपासून अहवाल देणारा स्वतंत्र सर्व्हेयर नेमा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. जुन्या बोटीचा विमा काढतानाही बहुधा तोच अहवाल लागतो. आणि धक्क्याचं भाडं, हिवाळ्यात बोट वर काढणं, तळाचा रंग हा दरवर्षीचा खर्च बोट स्वस्त मिळाली म्हणून कमी होत नाही. तो आकडा आधी घरी सगळ्यांसमोर मांडा.