पिंपातला फिल्टर आणि मी घातलेले घोळ

बागेत खड्डा खणला, जाड प्लास्टिकचा लायनर अंथरला, पाणी भरलं आणि चौथ्या दिवशी सात गोल्डफिश सोडले. झालं तळं! असंच वाटलं होतं तेव्हा. तळं फार मोठं नाही, अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद, मध्यभागी पाऊण मीटर खोल, आणि कडा उतरत्या असल्यामुळे गुणाकार करून २८०० लिटर येत असले तरी खरे २००० च्या आसपासच भरतात. हा आकडा नीट काढून ठेवा बरं का, पुढे पंप, मीठ, औषध सगळ्याला तोच लागतो, मी आधी नुसतं अंदाजपंचे चालले होते.

तीन आठवड्यांत पाणी हिरवंगार. हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसेनात. मग मी काय करावं, तर सगळं पाणी उपसलं, लायनर घासला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. दहा दिवसांत परत हिरवं. परत उपसलं, परत भरलं. ह्या दुसऱ्या वेळेनंतर पाचव्या दिवशी सकाळी बघते तर सातही मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतायत आणि एकाचे कल्ले लालबुंद झालेत. ओळखीतले एक काका बरीच वर्षं मासे पाळतात, त्यांना फोन केला तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "अगं, अमोनिया मोजलास का?" मी कसली मोजतेय! मला वाटायचं पाणी काचेसारखं दिसतंय म्हणजे चांगलं आहे.

थेंबांचं टेस्ट किट आणलं. माझ्या किटमधे अमोनिया नसेल तर नळीतलं पाणी पिवळं राहतं आणि असेल तसं हिरवं होत जातं. माझी नळी चांगली पोपटी झाली. तेव्हा काकांनी जे समजावलं ते ऐकून कपाळावर हात मारला मी. मासे अमोनिया टाकतात, तोही बहुतेक कल्ल्यांतून, शिवाय उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. ते हिरवं पाणी मला घाण वाटत होतं खरं, पण त्यातलं शेवाळच हा अमोनिया खात होतं! मी दर वेळी शेवाळ फेकून दिलं आणि अमोनिया खाणारं मागे कुणी ठेवलंच नाही. त्यात माझ्या पाण्याचा पीएच ८. अमोनियाचा एक भाग विषारी असतो आणि एक बराचसा निरुपद्रवी, आणि २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो तो पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे किटवर तोच आकडा दिसत असला तरी दोन तळ्यांत माशांचे हाल अगदी वेगळे.

ह्यावर उपाय बायोफिल्टर. तर बायोफिल्टर म्हणजे काय, अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना राहायला दिलेली जागा. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोसोमोनास वगैरे, आणि दुसरे, नायट्रोस्पायरासारखे, त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे माशांना बरंच सोसतं आणि झाडांना तर खतच. गोची एवढीच की हे जिवाणू भयंकर सावकाश वाढतात. पोटात वगैरे असतात ते नेहमीचे जिवाणू चांगलं खायला मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतात, ह्यांना कित्येक तास, कधी दिवसभरही लागतो. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की ह्या शास्त्रज्ञाने पहिल्यांदा हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. नेहमीच्या पोषक जेलीवर ते काही वाढेनात म्हणून त्याने सेंद्रिय काहीच नसलेली सिलिकाची जेली वापरली होती. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं, म्हणजे हे प्राणी आधीपासूनच नखरेल आहेत, माझंच चुकतंय असं नाही.

आता बांधकाम. २०० लिटरचं निळं पिंप घेतलं. आधी त्यात खाण्याचा पदार्थच होता ना हे दहादा विचारून घ्या, केमिकलचं पिंप कितीही धुतलं तरी नको. पिंपाच्या आधी एक झाकणाचा टब, त्यात जाड स्पंज, म्हणजे विष्ठा आणि पानं तिथेच अडकतात. हा टब मी आधी वगळणार होते, काका म्हणाले, "वगळ, आणि मग दर आठवड्याला अख्खं पिंप उपसत बस." ठेवला. टबातून पाणी पिंपाच्या तळाशी जातं, तिथून वर चढत मीडियातून जातं आणि वरच्या भोकातून धारेने तळ्यात पडतं. तळापासून वीतभर उंचीवर पाइपच्या तुकड्यांवर टेकवलेली प्लास्टिकची जाळी आहे, तिच्याखाली गाळ बसतो आणि तो सोडून द्यायला एक बॉल व्हॉल्व्ह.

मीडिया म्हणजे जिवाणू ज्याला चिकटून राहतात ते. आधी खडी भरणार होते पण २०० लिटर खडी उचलणार कोण, आणि खडीच्या फटी बुजल्या की पाणी एकाच बाजूने वाट काढतं आणि बाकीची खडी नुसती ओझ्याला. शेवटी वायरिंगचा तो नागमोडी वळ्यांचा पाइप असतो ना, तो आणला आणि तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे केले. वळ्यांमुळे छोट्याशा तुकड्यालाही आतून-बाहेरून भरपूर पृष्ठभाग मिळतो, आणि त्यावरच सगळा खेळ आहे. दोन संध्याकाळी नुसती कापत बसले होते, अंगठ्याला हा एवढा फोड आला. वरच्या थरात भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या, साबण न लावलेल्या आणि तारेच्या तर अजिबात नाहीत.

पिंपाला भोकं पाडली, पाइप घातला, भोवती सिलिकॉन फासलं. दोन दिवस वाळू दिलं, पाणी भरलं आणि सिलिकॉन सोललेल्या सालीसारखं अख्खं निघून हातात आलं. ह्या पिंपाच्या प्लास्टिकला सिलिकॉन धरतच नाही. मग टँक निपल, म्हणजे भोकात बसवून आट्यांनी आवळायचे जोड, आणले, दोन्ही बाजूंना रबरी वॉशर, आट्यांवर टेफ्लॉन टेप, आणि एक थेंब गळला नाही.

दुसरा घोळ ह्याहून मोठा. आत जाणारा पाइप २५ मिलिमीटरचा, तर बाहेर पडणाराही मी २५ चाच लावला. आत पंप ढकलतोय आणि बाहेर पाणी आपल्या वजनाने पडतंय, एवढी साधी गोष्ट लक्षात आली नाही. तिसऱ्या रात्री घासणीचा एक धागा तोंडाशी अडकला, पिंप भरून वाहायला लागलं आणि पंप तळ्याच्या सगळ्यात खोल जागी ठेवलेला असल्यामुळे इमानेइतबारे रात्रभर तळं उपसत बसला. सकाळी वीतभर पाण्यात सात मासे आडवेतिडवे आणि बाग तुडुंब. कसे वाचले देव जाणे. आता बाहेरचा पाइप ६३ मिलिमीटरचा आहे, आतून जाळीची टोपी, आणि पंप विटांवर अशा उंचीला की काहीही झालं तरी तळ्यात निम्मं पाणी उरलंच पाहिजे.

पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलेलं होतं. ते पाणी वर न चढवता. मी पिंपाच्या तोंडाशी २० लिटरची बादली धरली, घड्याळ लावलं, ५५ सेकंदांत भरली, म्हणजे ताशी १३०० च्या आसपास. पाणी वर चढवण्यात निम्म्याहून जास्त जोर गेला! तरी दीडेक तासात अख्खं तळं एकदा फिरतं, मला पुरतंय. शिवाय पिंपाच्या तळाशी एअर पंपाचा दगड सोडलाय, कारण हे जिवाणू ऑक्सिजन फार ओढतात, अमोनियातल्या १ ग्रॅम नायट्रोजनमागे साडेचार ग्रॅमच्या वर.

आणि मग वाट बघणं, जे सगळ्यात अवघड गेलं. काकांनी त्यांच्या फिल्टरमधला एक मळकट स्पंज तळ्याच्याच पाण्यासकट पिशवीत घालून दिला, "विरजण आहे हे, वाळवू नकोस आणि धुऊ तर मुळीच नकोस." हुंगून बघितला तर वाईट वास नाही, ओल्या मातीचा येत होता. माशांचं खाणं दिवसाआड एक चिमूट. रोज संध्याकाळी टेस्ट, वहीत आकडा, अमोनिया वाढलेला दिसला की थोडं पाणी बदलायचं, तेही नळाच्या पाण्यातलं क्लोरिन मारायचे थेंब टाकूनच. नवव्या दिवशी अमोनिया २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम), सोळाव्या दिवशी उतरायला लागला आणि मी नाचले, तर त्याच संध्याकाळी नायट्राइटची नळी गडद जांभळी. हे अपेक्षितच असतं, पहिले जिवाणू कामाला लागतात आणि दुसरे अजून आलेलेच नसतात. पण नायट्राइट माशांच्या रक्तात शिरलं की रक्त ऑक्सिजन नेईनासं होतं, कल्ले तपकिरी दिसायला लागतात. त्यावर उपाय साधं मीठ. त्यातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत येऊ देत नाही. लिटरला १ ग्रॅम म्हणजे माझ्या तळ्याला २ किलो, बादलीत विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं घातलं. ३८ व्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. खोटं वाटून लगेच परत टेस्ट केली.

पण पाणी हिरवंच! मी वैतागून काकांना फोन, तर म्हणाले फिल्टरने विष काढलं, शेवाळ काढायचं काम त्याचं नाहीच. नायट्रेट आणि ऊन मिळतंय तोवर शेवाळ राहणारच. मग बाहेर पडणाऱ्या धारेखाली खडी भरलेला क्रेट ठेवून त्यात कर्दळ लावली, तळ्यात एक लिली सोडली, दुपारच्या उन्हाला वरून जाळी बांधली. दोनेक महिन्यांनी तळ दिसायला लागला.

आता माझा सगळ्यात भारी पराक्रम. तिसऱ्या महिन्यात पिंपाचं झाकण उघडलं तर सगळ्या तुकड्यांवर तपकिरी बुळबुळीत थर. ईईई! सगळा मीडिया बाहेर काढला, नळाच्या पाइपने जोरात धुतला, तुकडे नव्यासारखे चकचकीत, फोटोसुद्धा काढला. चौथ्या दिवशी अमोनिया. तो बुळबुळीत थर म्हणजेच फिल्टर होता हो! निम्मे जिवाणू मी धारेने उडवले आणि उरलेल्यांना नळाच्या क्लोरिनने मारलं. परत तीन आठवडे वही, नळ्या, चिमूटभर खाणं. आता तळ्याचं पाणी बादलीत घेऊन त्यात निम्माच मीडिया नुसता हिसळते, उरलेला निम्मा महिन्याभराने, आणि ते काळं पाणी झाडांना. घाण दिसतेय म्हणून नाही हात लावत, धार बारीक झाली तरच.

सहाव्या महिन्यात अजून एक, ज्याबद्दल मला कुणी बोललंच नव्हतं. सगळं सुरळीत चालू असताना हळूहळू अमोनिया दिसायला लागला, पीएच बघितला तर ६.२. हे जिवाणू काम करताना पाण्यातला क्षारपणा खात जातात, १ ग्रॅम नायट्रोजनमागे साधारण ७ ग्रॅम, आणि त्यात पावसाचं पाणी पडून पडून माझी केएच, म्हणजे ह्या क्षारपणाचं माप, पार तळाला गेलेली, मग जिवाणूच मंदावले. खाण्याचा सोडा विरघळवून रोज थोडा थोडा घातला. एकदम घालायचा नाही, पाण्यात अमोनिया असताना पीएच फटकन चढला तर तोच अमोनिया विषारी होतो. आता फुटक्या शिंपल्यांची एक जाळीची पिशवी कायम पिंपात असते आणि महिन्यातून एकदा केएच मोजते.

लाइट जास्त वेळ गेली तर एक करते, पंप सुरू करायच्या आधी तळाचा व्हॉल्व्ह उघडून पिंपातलं साचलेलं पाणी बागेत सोडून देते. चार-पाच तासांत आतला ऑक्सिजन संपतो आणि सडक्या अंड्याचा वास मारायला लागतं ते, तसलं पाणी माशांवर नको.

सातचे आता अकरा झालेत, लिलीच्या पानाखाली कधी अंडी घातली कळलंच नाही, पिल्लं आधी काळपट होती ती आत्ता नारिंगी व्हायला लागलीत. त्यामुळे खाणं वाढलं, परवा कितीतरी दिवसांनी नळी किंचित हिरवट दिसली. दुसरं पिंप आणून ठेवलंय, त्यात पहिल्यातला निम्मा मीडिया तसाच बुळबुळीत टाकणार, विरजण घरचंच. फक्त ह्या वेळी पाइपचे तुकडे कापायला भाच्याला बसवणार आहे.