६७ची कॉर्व्हेट, नोंद ५ : ब्लॉकवरचा ठसा, तारखांचा मेळ आणि मागचा डावा ब्रेक

या खेपेची स्थिती: इंजिनचा ठसा तपासून झाला, गाडीचे मूळचेच भाग आहेत का या तपासणीत गिअरबॉक्स आणि कार्ब्युरेटर पास, अल्टरनेटर नापास. मागच्या डाव्या ब्रेक डिस्कचा रनआउट (फिरताना तिचं डुलणं) अजून ताब्यात आलेला नाही.

गाडी १९६७ची कन्व्हर्टिबल. ३२७ घनइंची, ३५० अश्वशक्तीचं एल-७९ इंजिन, चार गिअर, रॅली रेड रंग. त्या मॉडेल-वर्षात सेंट लुइसच्या कारखान्यातून २२,९४० कॉर्व्हेट निघाल्या, त्यांत ६,३७५ एल-७९ होत्या. म्हणजे फार दुर्मिळ नाही. पण ३०० अश्वशक्तीच्या गाडीला एल-७९चं सोंग देणं फारसं कठीण नसतं, म्हणून खात्री करायची ती मुळापासून.

चॅसिस नंबरची पाटी या पिढीत ग्लव्हबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर असते. नंबराच्या सुरुवातीला १९४६७ म्हणजे कन्व्हर्टिबल (कूपेला १९४३७), पुढचा ७ वर्षाचा, एस सेंट लुइसचा. पाटी धरणाऱ्या रिवेटांची डोकी फुलाच्या पाकळ्यांसारखी हवीत. तिथे बाजारातले साधे गोल पॉप रिवेट दिसले, तर पुढे काहीही मोजायच्या आधी पाटी कुणी आणि का काढली ते विचारा. या गाडीत पाकळ्या शाबूत आहेत, शेजारच्या ट्रिम पाटीवर रंगाचा कोड ९७४ आहे.

आता ठसा. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकचा जो सपाट तुकडा उघडा राहतो, त्यावर दोन ठसे असतात. पहिला फ्लिंटच्या इंजिन कारखान्यातला: व्ही ०२२० एचटी. व्ही म्हणजे फ्लिंट, २० फेब्रुवारीला जुळणी, एचटी म्हणजे ३५० अश्वशक्ती. ३००च्या मॅन्युअल गाडीवर इथे एचई येतं. दुसरा ठसा सेंट लुइसला पडायचा: वर्षाचा ७ आणि चॅसिस नंबरचे शेवटचे सहा आकडे. दोन ठसे दोन गावांत, वेगवेगळ्या पंचांनी उठवलेले. त्यामुळे अक्षरांची उंची, खोली आणि तिरपेपणा यांत फरक असायलाच हवा. दोन्ही एकाच हाताचे, एका ओळीत नीटस दिसले की शंका घ्यावी.

पण आकड्यांपेक्षा त्यांच्याखालचा पृष्ठभाग जास्त बोलतो. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंग मशीनवर (दातेरी हत्यार सरळ ओढून तासणारं यंत्र) सपाट व्हायचा. त्याच्या बारीक, सरळ, समांतर रेषा पुढून मागे, क्रँकच्या दिशेने जातात. नंतर कुणी ब्लॉक 'डेक' करून, म्हणजे माथा पुन्हा तासून घेतला असेल तर गोल फिरणाऱ्या कटरच्या कमानी दिसतात किंवा आरशासारखं गुळगुळीत. सॅंडपेपरने नकली रेषाही ओढतात. त्या पकडायची खूण अशी: पंच मारला की अक्षराच्या कडेने धातू किंचित वर उचलला जातो. खरी रेषा त्या कडेपाशी तुटते. नकली रेषा उचललेल्या कडेवरूनही घासत जाते, कारण ती ठशानंतर आली. दहापट भिंग घ्या, टॉर्च अगदी आडवा धरा, दिव्याची दिशा बदलत चार फोटो काढा.

इथे रेषा अक्षरांपाशी तुटतात, आणि उजवं हेड काढल्यावर त्याच रेषा गॅस्केटखाली अखंड पुढे गेलेल्या दिसल्या. प्रश्न मिटला. ठसा साफ करताना थिनर, जुना टूथब्रश आणि सुती फडकं, बस्स. वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर लावलात तर पुरावा स्वतःच्याच हाताने पुसलात.

आता तारखा. ब्लॉकवर मागे, बेलहाउसिंगच्या फ्लॅंजवर कास्टिंग नंबर ३८९२६५७ आणि तारीख बी ७ ७, म्हणजे ७ फेब्रुवारी १९६७. जुळणी २० फेब्रुवारीची, बॉडी मार्चच्या पहिल्या आठवड्यातली. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी: क्रम बरोबर. मन्सी कारखान्याच्या गिअरबॉक्सवर पी७बी१६, म्हणजे १६ फेब्रुवारी. सावध राहा, मन्सीच्या महिन्यांची अक्षरं सरळ ए ते एल नाहीत. मेच्या ई-नंतर जूनला एच, जुलैला के, ऑगस्टला एम येतं. हॉली कार्ब्युरेटर लिस्ट (म्हणजे मॉडेल नंबर) ३८१४, तारीख ७१४: वर्ष, महिना, आठवडा. जानेवारीचा चौथा आठवडा, अगदी चोख.

अल्टरनेटरने मात्र दगा दिला. डेल्को-रेमीचा नंबर ११००६९३, या गाडीला हवा तोच. तारीख ७एच१४. डेल्कोच्या कोडात एच म्हणजे ऑगस्ट, म्हणजे गाडी बाहेर पडल्यावर पाच महिन्यांनी बनलेला. पार्ट नंबरवर समाधान मानणारा इथे फसतो. केसिंगवर नवी तारीख ठोकून देणारे भेटतात, तो मार्ग आपल्याला नको. जानेवारी-फेब्रुवारीचा मिळेपर्यंत हाच चालेल, आणि नोंदीत 'बदललेला' असंच लिहिलं जाईल.

टाकीवरचा कागद: ६७पासून बिल्ड-शीटची (गाडीत काय काय बसवायचं त्या यादीची) प्रत पेट्रोल टाकीच्या वरच्या अंगाला चिकटवलेली सापडते. टाकी उतरवायच्या आधी फटीतून एंडोस्कोप घालून फोटो घ्या, उतरवताना हाच कागद फाटतो. इथे ओलीने कुजून फक्त एक कोपरा उरलाय, वाचता येण्यासारखं काही नाही.

ब्रेक. तक्रार जुनीच: ब्लीड केले (तेलातली हवा काढली) की पेडल घट्ट, दोनेकशे किलोमीटरनंतर स्पंज, बाहेर गळती नाही. लोक कॅलिपरला पुन्हा पुन्हा स्टीलच्या स्लीव्ह घालत बसतात. दोष बहुतेकदा डिस्कमध्ये असतो. डिस्क डुलली की चारही पिस्टन सतत आतबाहेर होतात, आणि पिस्टनभोवतीचं पातळ ओठाचं रबरी लिप सील परतीच्या फेरीत हवा आत ओढतं. ओ-रिंगवाले पिस्टन टाकले तर लक्षण जातं, रोग तसाच राहतो.

आधी बेअरिंगचा एंड-प्ले (आतबाहेर हलण्याची मोकळीक) मोजा (कारखान्याची मर्यादा ०.००१ ते ०.००८ इंच), नाहीतर तोच रनआउट म्हणून वाचला जाईल. इथे ०.००४ आला. मग डायल गेज: उजवीकडे डिस्क स्पिंडलला धरणारे मूळ रिवेट शाबूत, ०.००३. डावीकडे कुणीतरी रिवेट ड्रिल करून काढलेले, ०.०११. पुस्तकात ०.००५ चालतो, पण ०.००३च्या वर समाधान नको. स्पिंडलच्या फ्लॅंजवरची गंजाची पापुद्री खरवडल्यावर ०.००७. डिस्क दोन बोल्ट फिरवून बसवली तर ०.००४, पण मग हॅंडब्रेक ॲडजस्ट करायचं भोक फ्लॅंजच्या भोकासमोर येत नाही. त्यामुळे ती जागा बाद.

जाडी १.२२८ इंच, किमान १.२१५. स्पिंडलवरच टर्निंग केलं तर इंचाचे सातेक हजारांश जाऊन १.२२१ उरेल. चालेल, पण डिस्कचं आयुष्य अर्ध्याहून जास्त संपेल. म्हणून आधी डिस्कमागे निमुळता शिम (एका बाजूला पातळ होत जाणारी पत्र्याची चकती) घालून बघायचं. तो भोकं जुळलेल्याच जागी बसवायचा, पाचही नट वॉशरसह सारखे आवळून पुन्हा गेज लावायचं. ०.००३च्या आत आलं तर नवे रिवेट, नाही आलं तर लेथ.