नानांच्या सागवानाखाली

आमच्या पार्ल्याच्या घरात ओट्याखालची कपाटं नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९९१ साली घरीच सुतार बसवून करून घेतली. अस्सल सागवान. मुंबईचे इतके पावसाळे काढले, पण एक दार फुगलं नाही. खालची मोझेकची फरशी मात्र पाइप गळून खचली. कपाटं ठेवायची, फरशी बदलायची, एवढं एकमताने ठरलं. अडलं ते रंगावर.

दुकानदाराने आधी राखाडी मॅट टाइल काढली. "ताई, सध्या हीच जास्त जाते." दुकानात मलाही आवडली. नमुन्याची एक घरी आणून कपाटाला टेकवली, तर नाना म्हणाले, "अगं, उभी काय बघतेस? चालणार तिच्यावर आहेस ना?" आडवी ठेवली आणि नानांचं सागवान चक्क नारिंगी दिसायला लागलं. त्या राखाडीत निळी झाक होती. तिच्याशेजारी सागाचा तांबूस पिवळेपणा भडक होऊन वर येतो. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली हे कळलंच नव्हतं. आमच्याकडे पश्चिमेची एकच खिडकी आणि रात्री पिवळा दिवा.

मग रोज एक नमुना. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून बघायचा. लाकडाच्या रेषा छापलेली टाइल खऱ्या सागापुढे पहिल्याच दिवशी उघडी पडली. कोटा फरशीची हिरवट झाक मात्र सागाला इतकी शोभली की मी दोन दिवस त्याच्याच प्रेमात होते. पण कोटा हा चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडलं की तिथली चमक जाते, आणि आमच्याकडे आठवड्यातून दोनदा सोलकढी. गिरगावात माझ्या आजोळी होत्या तशा नक्षीच्या सिमेंट टाइल्सवरही जीव जडला होता. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज ही १९२२ सालची कंपनी त्या अजून बनवतेय. पण त्यांनाही आंबट सोसत नाही, शिवाय तेल मुरू नये म्हणून सीलर लावत राहावा लागतो. आजोळी त्या दिवाणखान्यात होत्या, फोडणी उडते तिथे नव्हत्या.

शेवटी गुजरातच्या मोरबीची मॅट व्हिट्रिफाइड, म्हणजे खूप तापवून घट्ट भाजलेली टाइल घेतली, एक बाय एक फुटाची. भाजलेल्या रव्याचा रंग आणि त्यात बारीक तपकिरी ठिपके. सागाच्याच घरातला रंग, पण बराच फिका. ही टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी पाणी शोषते, त्यामुळे हळद सांडली तरी पुसून निघते. सांध्यांत पांढऱ्याऐवजी टाइलच्याच रंगाचं इपॉक्सी ग्राउट, म्हणजे राळेचं भरण, भरलं.

कारागीर जुन्या फरशीवरच बसवू म्हणत होता. टाइल आणि खालचा अॅडहेसिव्ह मिळून जमीन जवळपास अर्धा इंच वर आली असती आणि कपाटांची खालची दारं घासली असती. तेवढ्यासाठी मी हट्टाने मोझेक खणून काढायला लावला. चार दिवस गॅस बाहेरच्या खोलीत होता.

उघडी जमीन ५४ चौरस फूट, टाइल्स घेतल्या ६०. सगळ्या एकाच लॉटच्या, कारण त्याच नावाच्या पुढच्या लॉटमध्ये छटा बदलू शकते. कापण्यात दोन गेल्या. उरलेल्या चार माळ्यावर आहेत, लॉट नंबर असलेल्या खोक्याच्या झाकणासकट.