दगडावरचं गाव, वहीतला घरक्रमांक : सासऱ्यांच्या पणजोबांच्या शोधात दक्षिण बोहेमियात

माझं सासर अमेरिकेतल्या नेब्रास्कातलं, पण मूळचं चेक. सासऱ्यांना इतकंच माहीत होतं की पणजोबा १८७४ साली ‘बोहेमियातून’, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागातून, आले. यंदा मे महिन्यात, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांना आम्ही त्या गावात घेऊन गेलो. तयारीला दीड वर्ष लागलं, प्रवासाला नऊ दिवस. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी त्या दीड वर्षाकडे जास्त लक्ष द्यावं.

आधी गाव सापडायला हवं. नाशिकला उपाध्यायांकडे नामावळी बघायला गेलं की ते पहिल्यांदा गाव आणि आडनाव विचारतात, आणि तेवढ्यावर आपल्या पणजोबांची सही पुढ्यात येते. चेक दफ्तरांचंही तसंच आहे. नुसत्या आडनावावर काही हलत नाही. गावाचं नाव बहुधा चेक देशात जाऊन सापडत नाही, ते अमेरिकेतच कुठेतरी नोंदलेलं असतं: चर्चच्या लग्नाच्या वहीत, नागरिकत्वाच्या कागदांत, नाहीतर थडग्यावर. आम्हाला ते थडग्यावरच मिळालं. दगडावर शेवाळ चढलं होतं. पाण्याने आणि मऊ ब्रशने घासल्यावर अक्षरं उठली: ‘मालशित्सीख’. नकाशावर असं गावच नाही! दोन महिने गेल्यावर उलगडा झाला की ही सप्तमी आहे. मूळ गाव मालशित्से. ‘पुण्यात’ नावाचं गाव शोधलं तर सापडेल का? चेकला आपल्यासारख्याच विभक्ती आहेत, आणि थडग्यावर नाव विभक्तीसकटच कोरतात.

तुमच्या वाट्याला ‘ल्होता’ आलं तर मात्र धीर धरा. या नावाची गावं शेकड्यांनी आहेत. नवी वस्ती करणाऱ्यांना काही वर्षं सारामाफी मिळे, त्या मुदतीवरून हे नाव पडलं. आपल्याकडे कौल देऊन पेठा वसवत, तसंच. अशा वेळी जवळच्या मोठ्या गावाचं किंवा जहागिरीचं नाव मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाव कळलं की घरबसल्या पुष्कळ काम होतं. चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्यांना तिथे ‘मात्रिका’ म्हणतात. प्रादेशिक दफ्तरखान्यांनी त्या फुकट ऑनलाइन ठेवल्या आहेत. दक्षिण बोहेमियाच्या वह्या त्रशेबोनच्या दफ्तरखान्याकडे आहेत, पिल्झन भागाच्या ‘पोर्टा फोंटियम’ या संकेतस्थळावर, पूर्वेकडच्या मोराव्हियाच्या बर्नोच्या ‘आक्ता पुब्लिका’ या संकेतस्थळावर. जन्माच्या वह्या शंभर वर्षांनी आणि लग्नाच्या पंचाहत्तर वर्षांनी खुल्या होतात, त्यामुळे जुन्या पिढ्यांची अडचण येत नाही.

अडचण येते ती अक्षराची. भाषा कधी लॅटिन, कधी जर्मन, कधी चेक, आणि जर्मन असेल तर लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हातलिपी. आपली मोडी वाचायला बसलात तर जसं होतं तसंच: पहिला आठवडा नुसत्या रेघोट्या दिसतात, मग एकेक अक्षर ओळखीचं होतं. रोज अर्धा तास एकच पान वाचा, पानं बदलू नका. जुन्या नोंदींत महिन्याच्या जागी ‘७बर’, ‘८बर’ असं दिसलं तर ते जुलै-ऑगस्ट समजू नका. सप्त म्हणजे सप्टेंबर, अष्ट म्हणजे ऑक्टोबर. सप्त-अष्ट-नव-दश आपल्याला पाठच आहे, ही चूक आपण तरी करू नये.

सासऱ्यांच्या पणजोबांची १८५३ची नोंद मिळाली ती रात्र मी विसरणार नाही. एका आडव्या ओळीत बाळाचं नाव, घरक्रमांक १४, आई-बाप, दोन्हीकडचे आजोबा, सुईण आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार. एका ओळीत तीन पिढ्या! बापापुढे ‘खालुपनीक’ लिहिलं होतं, म्हणजे झोपडं आणि थोडीशी जमीन असलेला. ‘सेदलाक’ म्हणजे पुरा शेतकरी, ‘पोद्रूह’ म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहणारा. मिरासदार आणि उपरी यांच्यातला फरक ज्याला कळतो त्याला या शब्दांमागचं आयुष्य लगेच कळेल.

यापुढे मागे जायचं तर आडनावाला नाही, घराला धरा. घरांना क्रमांक १७७०–७१ मध्ये मिळाले आणि १७८४पासून सम्राट जोसेफ दुसऱ्याच्या हुकुमाने प्रत्येक वाडीच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या जाऊ लागल्या. त्याआधी घरजावई झालेला माणूस सर्रास सासरच्या घराचं नाव लावी. आमच्याकडे एका पिढीत आडनाव असंच बदललं होतं. मी चार महिने चुकीचं कुटुंब शोधत बसले होते.

आता प्रवास. प्रागहून ताबोर रेल्वेने साधारण दीड तास. मुक्काम ताबोरलाच करा. तिथून बेखिन्येला जाणारी छोटी गाडी मालशित्सेवरून जाते. १९०३ साली सुरू झालेला हा मार्ग ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या सुरुवातीच्या विजेवरच्या रेल्वेमार्गांपैकी एक, चेक अभियंते फ्रांतिशेक क्रिझीक यांनी बांधलेला. खिडकीबाहेर मोहरीची पिवळी शेतं होती आणि सासरे एक शब्द बोलत नव्हते.

मालशित्सेला १४ क्रमांकाचं घर शोधलं, फोटो काढले, सासऱ्यांचे डोळे भरून आले. आणि ते घर चुकीचं निघालं. शेजारच्या आजींनी मी दाखवलेलं वहीचं पान हातात घेतलं आणि पानाच्या डोक्यावरच्या दोन जर्मन शब्दांवर बोट ठेवलं. ते जवळच्या वाडीचं नाव होतं. प्रत्येक वाडीची क्रमांकाची मालिका स्वतंत्र असते, आणि मी डोकं न वाचता ओळ वाचली होती. शिवाय सुट्टीच्या बंगल्यांना वेगळ्या मालिकेतले क्रमांक असतात, त्या पाट्यांनीही फसू नका. निघण्यापूर्वी एकोणिसाव्या शतकातले रंगीत मोजणी-नकाशे ऑनलाइन बघून ठेवा. त्यांत लाकडी घरं पिवळी आणि दगड-विटांची लाल दाखवली आहेत. आमचं पिवळं होतं.

थडग्यांची फार आशा धरू नका. तिथे थडग्याची जागा भाड्याने असते, भाडं थांबलं की ती दुसऱ्याला जाते. त्यापेक्षा ग्रामकचेरीत जा, सहसा सोमवारी किंवा बुधवारी, आणि गावाची ‘क्रोनिका’, म्हणजे गावाच्या घडामोडींची बखर, विचारा. १९२०च्या कायद्याने प्रत्येक गावाला ती ठेवणं सक्तीचं झालं. चर्च प्रार्थनेखेरीज बंद असतं, त्यामुळे वेळ दारावर बघून घ्या. आधी चेकमध्ये एक साधं पत्र पाठवलंत तर दारं लवकर उघडतात.

खऱ्या १४ क्रमांकाच्या जागी आता प्लॅस्टरचं घर आहे, मागची दगडी कोठी तेवढी जुनी. घरातल्या बाईंनी आम्हाला आत घेतलं, खसखशीचे कोलाचे (गोड पाव) पुढे ठेवले आणि सासऱ्यांना नाव विचारलं. त्यांनी अमेरिकेत म्हणतात तसं आडनाव सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि तेच आडनाव मूळ उच्चारात म्हणून दाखवलं. त्यात र आणि झ एकाच श्वासात येतात, आणि ते अक्षर अमेरिकेत साधा र होऊन बसलं होतं. सासऱ्यांनी ते पुन्हा म्हणायला सांगितलं, मग पुन्हा. परतीच्या गाडीत ताबोर येईपर्यंत ते खिडकीशी बसून हळू आवाजात तेच म्हणत होते.