ट्रायपॉड हेडवर कॅमेऱ्याचा तोल साधताना

लांब लेन्स लावलेला कॅमेरा ट्रायपॉडच्या बॉल हेडवर (गोळ्यावर फिरणाऱ्या आणि नॉबने आवळल्या जाणाऱ्या माथ्यावर) बसवावा, चौकट मनासारखी जुळवून नॉब आवळावा आणि हात काढताच चित्र किंचित खाली यावे, हा अनुभव बहुतेक छायाचित्रकारांना येतो. मग दोष हेडला दिला जातो आणि अधिक दणकट, अर्थातच अधिक महाग हेडची शोधाशोध सुरू होते. माझ्या मते अनेकदा त्याची गरजच नसते. कॅमेरा आणि लेन्स यांचा एकत्रित गुरुत्वमध्य लेन्सकडे गेलेला असतो आणि ती सगळी ओढ एकट्या नॉबला सोसावी लागते.

म्हणूनच जड लेन्ससोबत कॉलर, म्हणजे लेन्सभोवती बसणारी, पाया असलेली कडी येते. ट्रायपॉडची प्लेट (हेडच्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे पकडीत, बसणारी पट्टी) बॉडीच्या तळाला न लावता कॉलरच्या पायाला लावावी, आणि ती लांब असावी, म्हणजे क्लॅम्पमध्ये मागेपुढे सरकवायला जागा मिळते. तोल पाहण्यापूर्वी बॅटरी, हूड असे सारे जागेवर हवे, लेन्सचे झाकण काढलेले हवे आणि झूम ज्या लांबीवर वापरायचा तिथेच हवा, कारण झूम करताना लांबणाऱ्या लेन्सचा गुरुत्वमध्यही पुढे जातो.

गिंबल हेडवर, म्हणजे लेन्स आडव्या अक्षावर झोक्यासारखी वर-खाली झुलते अशा हेडवर, ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते. टिल्टचा (वर-खाली झुकण्याचा) नॉब पूर्ण सैल करून, लेन्सखाली हात ठेवून, लेन्स आडवी स्थिर राहीपर्यंत प्लेट सरकवावी. अनेकजण इथेच थांबतात. खरी परीक्षा मात्र पुढे असते. लेन्स साधारण ३० अंश वर उचलून हात अलगद सैल करावा. ती आपोआप पुन्हा आडवी झाली, तर वजन अक्षाच्या खाली आहे आणि लेन्स थोडी वर घ्यायला हवी. उलट ती आणखी कलंडू लागली, तर वजन अक्षाच्या वर आहे आणि तिला खाली आणायला हवे. ठेवाल त्या कोनात ती थांबली की तोल साधला.

बॉल हेडवर वजन नेहमी गोळ्याच्या वरच राहते, त्यामुळे असा तोल तिथे मिळत नाही. पुढची ओढ काढून नॉबवरचा भार हलका करणे एवढेच हाती असते. उभ्या चौकटीसाठी हेड बाजूच्या खाचेत पाडण्यापेक्षा एल-ब्रॅकेट (कॅमेऱ्याच्या तळाला आणि बाजूला बसणारी काटकोनी प्लेट) वापरावा, कारण वजन पायांच्या मधोमध राहते.

व्हिडिओच्या फ्लुइड हेडमध्ये अक्षाच्या वरचे वजन काउंटरबॅलन्सची स्प्रिंग पेलते. ती नीट न जुळवता ड्रॅग (हेडच्या हालचालीला होणारा विरोध) वाढवून कॅमेरा थोपवण्याची सवय मला मुळीच पटत नाही. ड्रॅग फक्त हालचाल संथ करतो, वजन पेलत नाही.

आणि प्लेटच्या टोकांचे छोटे स्टॉप स्क्रू काढून टाकू नयेत: क्लॅम्प सैल असताना प्लेट सरकून निसटू लागली, तर तिला अडवणारे तेवढेच असतात.