चौकटीबाहेर राहिलेली आजी

आईवडील नसलेल्या मुलांची छायाचित्रे समोर आली की आताशा मी आधी त्यांच्या कडा पाहते. तिथे पुष्कळदा कोणाचा तरी कोपर, कापडाचा काठ किंवा जमिनीवर पडलेली मोठ्या माणसाची सावली राहून गेलेली असते, आणि त्यावरून कळते की मूल एकटे नव्हते, कॅमेऱ्याने त्याला एकटे केले.

खेड्यात अनाथ मुलाला बहुधा कोणीतरी सांभाळत असते. आजी, मामा, चुलती, नाहीतर जेमतेम दोन-चार वर्षांनी मोठी असलेली बहीण. युनिसेफच्या २०१५ च्या अंदाजानुसार जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुले होती, पण या गणतीत एकच पालक गमावलेली मुलेही धरली जातात, आणि दोन्ही पालक नसलेली मुले त्यांत साधारण दीड कोटीच होती. छायाचित्रांत मात्र ही सगळीच मुले भिंतीपुढे एकेकटी उभी दिसतात.

ही रीत जुनी आहे. लंडनमध्ये थॉमस बर्नार्डो यांनी आपल्या आश्रमातील मुलांची छायाचित्रे १८७४ पासून पद्धतशीरपणे काढवून घेतली, आणि 'आधी' फाटक्या कपड्यांत व 'नंतर' कामाला लागलेले मूल अशा जोड्या कार्डांवर छापून निधी उभारला. १८७७ मध्ये त्यांच्यावरील आरोपांचे प्रकरण लवादापुढे गेले तेव्हा इतर बहुतेक आरोपांतून ते सुटले, तरी काही छायाचित्रे मुद्दाम रचलेली असल्याबद्दल लवादाने त्यांना दोष दिलाच. आज कपडे कोणी फाडत नाही. आजीला "जरा बाजूला उभ्या राहा" एवढे म्हटले की काम भागते.

या बाजूला सारण्याचे परिणाम चित्रापुरते राहत नाहीत. एकटे मूल दिसले की पाहणाऱ्याला बालगृह हाच उपाय सुचतो. शेजारी आजी दिसली असती तर आजीलाच मदत पोहोचवावी असे वाटले असते. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात बालगृहांची संख्या १५४ वरून २६९ झाली, आणि तिथल्या बहुतेक मुलांचे किमान एक पालक हयात होते. याचा सगळा दोष छायाचित्रांवर टाकता येणार नाही, परंतु परदेशी देणगीदारांना हलवणाऱ्या साधनांत त्यांचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

सोडून दिलेल्या मुलांची गोष्ट याहून नाजूक असते. आई कदाचित पलीकडच्याच गावात हयात असते, आणि तिने मूल का सोडले हे गावाला ठाऊक असूनही कोणी उघड बोलत नाही. अशा ठिकाणी नाव बदलणे किंवा चेहरा धूसर करणे हा दिलासा छायाचित्रकाराच्याच मनाला मिळतो, कारण गावातला माणूस दार, कुंपण, अंगावरचा सदरा पाहूनही मूल ओळखतो. फाइलमध्ये दडलेली जीपीएसची नोंद पुसणे तर किमान कर्तव्य झाले (आणि तेही किती जण पाळतात कोण जाणे).

होकाराचेही तसेच आहे. संस्थेचा कार्यकर्ता शेजारी उभा असताना आजी नाही म्हणत नाही. नकार दिला तर मिळणारे धान्य थांबेल, ही भीती तिच्या मनात असू शकते. म्हणून त्याला दूर पाठवून, मदतीचा आणि छायाचित्राचा संबंध नाही हे स्पष्ट सांगून, मग विचारावे लागते. मुलालाही वेगळे विचारावे लागते, कारण संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने त्याला स्वतःचे मत आणि खासगीपणा असे दोन्ही हक्क दिलेले आहेत.

आता मी आजी, चुलाणे, अंथरूण, वह्या असे सगळे घर चौकटीत येईल अशा अंतरावर उभी राहते आणि चित्र कापून वापरू नये, ही अट फोटोओळीसोबतच लिहून देते. काही संपादक ती अट मान्य करत नाहीत, आणि मग ते चित्र मी त्यांना देत नाही.