धारावीतली वाळकी फांदी

मे महिन्यात मुंबईत पक्षी बघायचे म्हटलं की लोक नॅशनल पार्कचं नाव काढतात. मी सायनला उतरतो. स्टेशनच्या पश्चिमेला धारावी आणि वांद्र्याकडे जाणाऱ्या लिंक रोडला लागून महाराष्ट्र निसर्ग उद्यान, 37 एकरांचं. 1970च्या दशकापर्यंत इथे शहराचा कचरा पडायचा. त्यावर माती टाकून झाडं लावली आणि 1994मध्ये उद्यान खुलं झालं. मागे मिठी नदी. ओहोटीला तिचा वास येतो, आणि डास तर आहेतच. ओडोमॉस लावूनच आत जा.

उन्हाळ्यात इथला खरा मानकरी तांबट. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल ठिपका. भर दुपारी बाकीचे पक्षी गप्प झाले तरी याचं टुक-टुक चालूच. आवाजाच्या रोखाने शोधायला गेलात तर फसाल. चोच मिटूनच तो गळा फुगवतो आणि मान इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा वाळक्या फांद्या बघा. शेवगा, पांगारा अशा मऊ लाकडाची, किंचित तिरकी फांदी. भोक फांदीच्या खालच्या अंगाला, जेमतेम पाचेक सेंटिमीटरचं, म्हणजे पाऊस आत जात नाही. खाली पानांवर ताजा भुसा दिसला की समजायचं, कोरणं चालू आहे. नर-मादी दोघंही कोरतात, अंडीही दोघंच उबवतात.

मग वीसेक पावलं मागे सरकून झाडाआड उभं राहावं. अगदी खाली उभं राहिलं की पक्षी चोचीत उंबर धरून शेजारच्या फांदीवर खोळंबतो आणि पिल्लं उपाशी राहतात. मोबाइलवर तांबटाचा आवाज वाजवणाऱ्यांचा मात्र मला मनस्वी संताप येतो. दुसरा नर आला समजून तो ढोली सोडून भांडायला धावतो. फोटो मिळतो, ढोली उघडी पडते.

लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची शीट दिसली तर वाकून नीट पाहा. बऱ्याचदा ती लाइम बटरफ्लायची लहान अळी असते. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. खोट्या अशोकाच्या तांबूस पालवीवर टेल्ड जे या फुलपाखराच्या अळ्या सापडतात. शिंपी पक्षी पिल्लांना अशाच अळ्या भरवतो. शिंजीर एरवी मधावर जगतो, पण पिल्लांना कोळी आणि किडेच लागतात. शिवाय त्याचं लोंबतं घरटं कोळ्याच्या जाळ्यानेच सांधलेलं असतं. सोसायट्यांच्या बागांत हे पक्षी का टिकत नाहीत ते इथे लक्षात येतं. तिथे दर आठवड्याला फवारणी होते, जाळी झाडली जातात आणि वाळकी फांदी दिसली की करवत चालते.

पावसाळ्याआधीची छाटणी नेमकी विणीच्या दिवसांत येते. फांदी रस्त्यावर लोंबत असेल तर कापावी लागणारच, पण आधी खालच्या अंगाला भोक आहे का, जमिनीवर भुसा आहे का, ते पाहावं. नसेल तर टोकाकडचा जड भाग उतरवून खोडालगतचा दोन-तीन हात ठोंब ठेवावा. ढोलीला तेवढा पुरतो. भोक असेल तर पिल्लं उडेपर्यंत खाली दोरी बांधून रस्ता अडवावा.